यादीत सर्व्हर होता, कार्ड नव्हतं

ईएसएक्सआय म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर. १५ ऑक्टोबर २०२२ ला त्याच्या ६.७ चा सपोर्ट संपणार होता. त्याच्या आधीच्या एका शनिवारी रात्री, नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीचा एकुलता एक होस्ट (ते चालवणारा सर्व्हर) मी ७.० वर न्यायला बसलो. नोकरीचं दुसरं वर्ष. सर्व्हर सेकंडहँड, पण झिऑन ई५-२६०० व्ही३ चा, म्हणजे तसा दणकट. व्हीएमवेअरच्या कंपॅटिबिलिटी गाइडमध्ये, म्हणजे कोणतं हार्डवेअर कोणत्या आवृत्तीवर चालतं त्या यादीत, मॉडेल शोधलं, समोर ७.० दिसलं, आणि तपासणी झाली असं मीच ठरवून टाकलं.

इन्स्टॉलर चालू केल्यावर एक इशारा आला होता. काही पीसीआय डिव्हाइस (मशीनच्या आत बसवलेली कार्डं) सपोर्टेड नाहीत, आणि पुढे चौकटी कंसात आकडे: १०००:००७२. मी एंटर मारला. ईएसएक्सआय स्वतः आतल्या एसडी कार्डावर होतं, त्यामुळे अपग्रेड सुरळीत पार पडलं. रीबूट झाला, लॉगिन झालं, आणि डेटास्टोअरची (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या डिस्कवरच्या जागांची) यादी रिकामी. टॅली, फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर, सगळ्या नऊ व्हीएम करड्या, नावापुढे ‘इनव्हॅलिड’.

झालं होतं असं. विकणाऱ्याने मूळ रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, काढून त्या जागी एलएसआयचं ९२११-८आय बसवून दिलं होतं. १००० म्हणजे एलएसआय, ००७२ म्हणजे त्यावरची एसएएस२००८ ही चिप, आणि ७.० मध्ये तिचा सपोर्टच काढून टाकलेला. डिस्क ठणठणीत होत्या. त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

परत फिरावं म्हटलं तर तेही नाही. ७.० बूट डिस्कचे पार्टिशन नव्याने पाडतं, त्यामुळे ६.७ वर रोलबॅक होत नाही. पहाटेपर्यंत ६.७ कोरं टाकलं, डेटास्टोअर दिसल्यावर जिवात जीव आला, मग एकेक व्हीएम रजिस्टर केली. कॉन्फिगचा बॅकअप नव्हता. व्हीलॅनचे (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांचे) नंबर स्विचवरून बघून हाताने भरले.

तेव्हा नवीन मंडळींनो, खोक्यावरचं नाव यादीत सापडलं म्हणून थांबू नका. स्टोरेज कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड स्वतंत्र शोधायची, तीही आकड्यांनी. प्रत्येक पीसीआय कार्डाला चार आकडे असतात: चिप कुणाची, चिप कोणती, कार्ड कुणाचं, कार्ड कोणतं. चालू ईएसएक्सआयवर एसएसएचने ‘व्हीएमकेसीएचडेव्ह’ ही कमांड ‘एल’ पर्याय लावून (vmkchdev -l) चालवली की चारही मिळतात, डाउनटाइम लागत नाही. लिनक्स असेल तर ‘एलएसपीसीआय’, आकडे दिसायला ‘एनएनव्ही’ पर्याय लावून (lspci -nnv). गाइडच्या आयओ डिव्हाइस विभागात हेच आकडे टाकायचे, आणि ड्रायव्हर व फर्मवेअरची कोणती जोडी लिहिली आहे तेही बघायचं. ही दुसरी पायरी फारसं कुणी करत नाही.

कोरा सर्व्हर असेल तर इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्क निवडायच्या पडद्यापर्यंत जा आणि तिथून रद्द करा. शेवटी एफ११ दाबून होकार देईपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

प्रोसेसरचं सोपं आहे. इंटेलच्या जुन्या पिढ्यांपैकी ७.० ने वेस्टमियर सोडले, ८.० ने सँडी ब्रिज. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (व्हीएम चालवायला लागणारी प्रोसेसरची सोय) चालू आहे का तेवढं बघा. घरच्या पीसीवर सराव करणाऱ्यांची गाडी मात्र रिअलटेकच्या लॅनवर अडते. ७.० मध्ये लिनक्सचे जुने ड्रायव्हर चालवणारा थर काढून टाकला, आणि त्याबरोबर लोकांनी जमवलेले रिअलटेकचे ड्रायव्हरही गेले. नेटवर्क कार्ड सापडलं नाही की इन्स्टॉलर पुढे सरकतच नाही. इंटेलचं जुनं गिगाबिट कार्ड टाका, नाहीतर सरळ प्रॉक्समॉक्स (याच कामाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) शिका. तिथे लिनक्सचेच ड्रायव्हर असल्याने असले लाड कमी.

आमच्याकडे नंतर एसएएस२३०८ चिपचं कार्ड आणलं. विकणारा तोच. “साहेब, चालतंय की सगळीकडे,” तो म्हणाला. मी म्हटलं, आधी मशीनमध्ये लावून आकड्यांचा फोटो पाठवा. तासाभराने व्हॉट्सॲपवर धुरकट फोटो आला. झूम करून वाचला: १०००:००८७. मग पैसे पाठवले.