बुडालेला नावाडी: तार, पुट्टी आणि गाळाची रेघ

मी दिवसभर कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, हिरडीचा उतार कोरायचा, जबडा नीट मिटतो का ते पाहायचं, हे माझं काम. रात्री त्याच टेबलावर, मेण कोरायच्या त्याच लेक्रॉन कार्व्हरने मी वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेलं मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी, मेल्यावर पुन्हा उठलेली माणसं घडवते. त्यातला एक बुडालेला नावाडी कसा केला ते इथे सांगते. तयार किट नाही, दुसऱ्या मॉडेलचे सुटे भाग नाहीत. तार, पुट्टी, टिश्यू पेपर, थोडं प्लास्टिक शीट आणि रंग एवढंच लागतं.

तारेला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: हा मेला कसा, आणि मेल्यावर कोणत्या कुशीवर पडून राहिला? हे ठरलेलं नसलं की सांगाडा सगळीकडून सारखाच पिवळट होतो, गंज वाटेल तिथे लागतो आणि कपडे वाटेल तिथे फाटतात. माझा नावाडी नदीत बुडाला आणि डाव्या कुशीवर तळाच्या गाळात रुतला. उजवी बाजू पाण्यात उघडी राहिली. त्यामुळे कपाळापासून छातीवरून मांडीपर्यंत त्याच्या अंगावर एक रेघ आहे. एका बाजूला गाळ, दुसऱ्या बाजूला पाणी. पुढचं सगळं त्या रेघेवरून ठरतं.

माप आणि तार

टेबलटॉपवरची माणसं बहुतेक २८ ते ३२ मिलिमीटरची असतात. मी १:५६ हे प्रमाण धरते. १७० सेंटिमीटरचा माणूस त्यात ३० मिलिमीटरचा होतो. मांडीचं हाड उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं मोठं, म्हणजे ८ मिलिमीटर. दंडाचं हाड ६ मिलिमीटरच्या आत. हा सांगाडा कागदावर मॉडेलच्याच मापात काढा आणि तार त्या चित्रावर ठेवूनच वाकवा. अंदाजाने वाकवली की हात हमखास लांब होतात. माझ्या पहिल्या चारही सांगाड्यांचे हात गुडघ्यापर्यंत आले होते.

जाडीचा हिशेब मात्र पाळू नका. मांडीचं हाड मध्यावर अडीच-तीन सेंटिमीटर जाड असतं, म्हणजे या मापात जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढी बारीक काडी टेबलापलीकडून दिसत नाही आणि हाताळताना टिकत नाही. मी १ मिलिमीटर ठेवते, सांध्यांपाशी दीड. डोकं हिशेबाने ४ मिलिमीटर उंच हवं. मी कवटी ५ मिलिमीटरची करते, कारण समोरच्या खेळाडूची नजर आधी तिच्यावर जाते.

कण्यासाठी ०.६ मिलिमीटरच्या दोन तांब्याच्या तारा एकमेकींत पिळा. पिळाचे उंचवटेच मणक्यांसारखे दिसतात, मणके वेगळे घडवावे लागत नाहीत. पायांना मात्र पितळी तार घ्या, ०.८ मिलिमीटरची. तांबं मऊ असतं, वजन आलं की घोट्यात वाकतं. दोन्ही पायांच्या तारा टाचेखाली सेंटिमीटरभर जास्त ठेवा. त्या बेसला, म्हणजे मॉडेलखालच्या चकतीला, भोक पाडून आत रोवायच्या आहेत. नुसतं सुपरग्लूने बेसवर चिकटवलेलं मॉडेल पहिल्या धक्क्याला निघतं.

वल्ह्याचा दांडा पोलादी तारेचा करा. खेळताना मॉडेल सगळ्यांत वर आलेल्या भागाला धरून उचललं जातं, कितीही सांगितलं तरी, आणि इथे तो भाग वल्हं आहे. पातं अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचं. त्यावर सुईने लांबीच्या दिशेने ओरखडे काढले की लाकडाचे रेषे दिसतात. वल्हं उभंच ठेवा, बेसच्या घेराबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर शेजारी दुसरं मॉडेल लावता येत नाही. माझा बेस ४० मिलिमीटरचा आहे. तुमच्या खेळाच्या नियमांत काय माप आहे ते आधी बघून घ्या.

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. या मापात एका बाजूला सात मावतात, त्याहून जास्त घातल्या तर कंगवा दिसतो. विजेच्या वायरीतली ०.३ मिलिमीटरची बारीक तार ४ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर गुंडाळा, वेटोळं चिमट्याने थोडं चपटं करा आणि कापून त्याचे अर्धगोल काढा. नावाड्याला हे फक्त उजव्या बाजूला लागले, कारण डावी बाजू गाळाने भरलेली आहे. पहिल्या वेळी मी बरगड्या कण्याला फक्त सुपरग्लूने लावल्या आणि पहिल्याच खेळात तीन निखळल्या. सुपरग्लू ताण सोसतो, टोला सोसत नाही. आता मागे कण्यालगत पुट्टीची बारीक वळी दाबते, पुढे उरोस्थीची (छातीच्या मधल्या हाडाची) पट्टी बसवते आणि प्रत्येक बरगडीची दोन्ही टोकं पुट्टीत रुतवते.

पुट्टी

ग्रीन स्टफ आणि मिलिपुट या दोन भाग मळून कडक होणाऱ्या इपॉक्सी पुट्ट्या. त्या आधी वेगवेगळ्या मळून मग निम्मे-निम्मे एकत्र करा. ग्रीन स्टफ चिवट असतो, तो घासता येत नाही. मिलिपुट पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होतो आणि घासता येतो, पण पातळ भागात तुटतो. दोघांचं मिश्रण कोरायला माझ्या हाताला मेणाच्या सगळ्यांत जवळचं वाटतं. ग्रीन स्टफची निळी-पिवळी पट्टी जोडून येत असेल तर मधली जिथे दोन रंग चिकटलेले असतात ती कड कापून टाका. ती आधीच घट्ट झालेली असते आणि मळताना खडे राहतात. निळा भाग जास्त घेतला तर पुट्टी कडक होते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट.

नायट्रिल हातमोजे घाला. कच्च्या इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सुटत नाही. माझ्या कामातही रेझिनमुळे बोटं फुटलेले लोक मी पाहिलेत. वाळलेली पुट्टी घासताना मास्क लावा.

कवटी

कवटी एका बैठकीत होत नाही. आधी मानेच्या तारेवर ४ मिलिमीटरची अंड्यासारखी गोळी बसवा आणि रात्रभर कडक होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पातळ थर चढवून चेहरा कोरा. आत कडक गाभा असला की हत्यार दाबल्यावर मागचा भाग फुगत नाही.

डोळ्यांच्या खोबणी कवटीच्या उंचीच्या मध्यावर येतात. बहुतेक जण त्या वर घेतात आणि कपाळ हरवतं. छोट्या गोल टोकाच्या हत्याराने दोन खड्डे दाबा, मग वरची कड थोडी सपाट करा. खोबण पूर्ण गोल नसते, कोपरे किंचित चौकोनी असतात, आणि तेवढ्याने चेहरा कार्टूनसारखा दिसायचा थांबतो. नाकाचं भोक पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखं, वर निमुळतं. गालाच्या हाडासाठी केसाएवढी वळी खोबणीच्या खालच्या कोपऱ्यापासून कानाकडे न्या आणि तिच्या मागे पोकळी कोरा. त्या पोकळीची सावली नंतर रंगाचं अर्धं काम करते.

आता दात. एकेक दात घडवायला जाऊ नका, या मापात ते मक्याच्या कणसासारखे दिसतात. एक सलग पट्टी बसवा आणि सुईने उभ्या रेघा हलक्या दाबा. मग पटाशीचे दोन-तीन दात काढून टाका. मांस गेल्यावर एका मुळाचे पुढचे दात सहज गळतात. दाढांना दोन-तीन मुळं असतात, त्या जबड्याला धरून राहतात. सांगाड्याच्या तोंडात दाढा गायब आणि पुढची ओळ शाबूत दिसली की माझा जीव तळमळतो. दात गेलेल्या जागी नुसती फट सोडू नका, सुईच्या टोकाने मुळाची गोल खाच दाबा.

खालचा जबडा कवटीला हाडाने जोडलेला नसतो. स्नायू आणि बंध कुजले की तो सुटून पडतो. म्हणून जबडा ठेवायचा असेल तर तो कशाने टिकला ते दाखवा. माझ्या नावाड्याचा गाळातला डावा गाल अजून शिल्लक आहे. जबडा तिथे धरलेला आहे आणि उजवीकडे एक मिलिमीटर खाली लोंबतो. तोंड वाकडं उघडं राहतं, आणि मला हवी होती ती व्यथा त्याच्या चेहऱ्यावर तेवढ्याने आली.

मांस, कापड, जाळं

ओल्या आणि हवा कमी असलेल्या जागी शरीरातली चरबी कधी कधी मेणासारख्या पदार्थात बदलते. त्याला ॲडिपोसिअर म्हणतात. त्यामुळे शिल्लक मांस मी फक्त गाळाच्या बाजूला ठेवलं: डावा गाल, डावी मांडी, पोटाची कड. ते गुळगुळीत ठेवा, कडेला फक्त भुसभुशीत करा.

कपड्यासाठी टिश्यू पेपरचा एकच पदर घ्या. पांढरा पीव्हीए गोंद आणि पाणी समसमान करून त्यात तो मॉडेलवरच भिजवा. कोरडा चिकटवून मग ओला केला तर घड्या खोट्या पडतात. ओलं कापड वाऱ्यावर उडत नाही, सरळ खाली लोंबतं आणि हाडाला चिकटतं, म्हणून मॉडेल उभं ठेवूनच वाळवा. पूर्ण वाळल्यावर कडांना पातळ सुपरग्लू पाजा, म्हणजे ब्रशच्या धक्क्याने ते भुरभुरत नाही. खांद्यावरचं जाळं जखमेवर बांधायच्या गॉजचं आहे. त्यातले काही धागे ओढून काढले की भोकं विस्कटतात आणि जाळं जुनं दिसतं.

बुडालेल्या मॉडेलवर बार्नाकल, म्हणजे खडकांना आणि नावांना चिकटणारे कवचाचे छोटे जीव, चिकटवायची पद्धत आहे. ते समुद्रात आणि खाऱ्या खाडीत राहतात. नावाडी गोड्या पाण्याचा असेल तर ते घालू नका. शेवाळ, गवताची मुळं आणि एखादी शिंपली पुरते.

रंग

पुट्टीला पूर्ण २४ तास द्या. मग मॉडेल साबणाच्या पाण्याने हलकं धुऊन वाळवा, बोटांचं तेल राहिलं की प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) सुटतो. काळा प्रायमर २०-२५ सेंटिमीटरवरून मारा, वाळल्यावर वरून आणि थोडा उजवीकडून पांढऱ्याचा हलका फवारा. हवा दमट असेल त्या दिवशी फवारा मारूच नका.

पाण्यातली बाजू आधी रंगवा. हाडाला करडी तपकिरी छटा, त्यावर पातळ केलेला हस्तिदंती रंग दोन-तीन थरांत. भुवईची कड, गालाचं हाड आणि बरगड्यांचा उंचवटा एवढ्याच जागी जवळजवळ पांढरा. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं, इथे मी टाळते. त्याने खडूसारखी भुकटी दिसते आणि भिजलेलं हाड खडूसारखं नसतं. शेवाळी हिरवा खूप पातळ करून याच बाजूच्या खाचांत सोडा. शेवाळाला उजेड लागतो. तो डाव्या कुशीवर पडला होता, म्हणजे उजेड पोचत होता तो उजव्या बाजूलाच. गाळातल्या बाजूला हिरवा रंग आला की सगळं कथानक मोडतं.

डावी बाजू गडद. हाड चहाच्या रंगाचं, खाचांत जवळजवळ काळं. त्याच्या शेजारी मेणासारखं मांस करडं-पांढरं, किंचित पिवळ्या झाकेचं. गडद हाड आणि फिकट मांस ही उलटी जोडी बघणाऱ्याला अस्वस्थ करते, आणि ती खरी आहे.

दोन बाजूंमधली रेघ ब्रशने ओढू नका. फोमचा बारीक तुकडा चिमट्यात धरून तपकिरी रंग टिपत जा, दोन मिलिमीटरचा पट्टा सोडा, कुठे गाळ थोडा वर चढलेला, कुठे खाली उतरलेला.

धातूलाही हाच न्याय. कमरेच्या सुरीची मूठ पाण्यात होती, तिच्यावर नारिंगी-तपकिरी गंज स्पंजने टिपा. पातं गाळात होतं. हवा नाही तिथे लोखंड काळं पडतं, म्हणून ते काळं, मळकट, नारिंगी टिपका एकही नाही. उजव्या मनगटात तांब्याचं कडं आहे. त्याच्यावर फिकट निळसर हिरवा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) द्या आणि तोच रंग अगदी पातळ करून कड्याखालच्या हाडावर उतरवा. तांब्याजवळ पडून राहिलेल्या हाडाला खरोखर हिरवा डाग पडतो. हा एवढासा डाग मला सगळ्या मॉडेलमध्ये सगळ्यांत प्रिय आहे.

डोळ्यांत चमकता हिरवा प्रकाश मी घातला नाही. खोबणी काळ्या-तपकिरी ठेवल्या.

शेवटी मॅट व्हार्निश सगळीकडे, आणि ते वाळल्यावरच पाणी. बेसभोवती टेप घट्ट गुंडाळून कड बांधा. दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन तपकिरी शाईचा एक थेंब घालून दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत ओता. एकदम जाड ओतलं तर ते तापतं आणि आत बुडबुडे राहतात. मॅट व्हार्निश रेझिननंतर मारलं तर पाणी धुरकट होतं, म्हणून हा क्रम चुकवू नका. घोट्यापर्यंत पाणी आलं की थांबा आणि एक दिवस झाकून ठेवा.

मग सगळ्यांत बारीक ब्रशने ग्लॉस व्हार्निश: कापडाच्या खालच्या कडेला, जबड्याच्या टोकाला, वल्ह्याच्या पात्यावर. आणि दोन्ही खोबणींच्या तळाशी एकेक थेंब, कारण मान थोडी मागे झुकलेली आहे आणि नदीतून वर येताना तिथलं पाणी सांडलं नसणार.