बंबाचं वय कसं काढायचं

ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार अशा भागातल्या अग्निशमन दलाच्या बंबांची वर्षवार यादी करायला बसलात तर वहीत सालासाठी एक नाही, तीन रकाने आखा: चॅसिस, बॉडी, नोंदणी. कारखान्यातून येते ती नुसती चॅसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा. टाकी, पंप, लॉकर (सामानाचे कप्पे) बॉडी बिल्डरकडे चढतात, आणि मग गाडी आरटीओत जाते. त्यामुळे चॅसिस एका सालची नि नोंदणी पुढच्या, हे नेहमीचंच. तिन्ही सालं एकाच रकान्यात कोंबली की एकच गाडी यादीत दोनदा दिसायला लागते.

जुना फोटो हाती असेल तर आधी स्टिअरिंग उजवीकडे आहे का बघा. नसेल तर निगेटिव्ह उलटी छापली आहे. मग नंबरप्लेट. ‘एमएच’ची पद्धत १९८९च्या नियमांनंतरची, त्याआधी ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असत. मात्र कोडवरून गाव ठरवू नका. वसईला एमएच-४८ बरंच उशिरा मिळालं, त्याआधीच्या तिथल्या गाड्या ठाण्याच्या एमएच-०४वर आहेत.

दारावरचं नाव जास्त कामाचं. ठाणे महापालिका १९८२ची, कल्याण १९८३ची, वसई-विरार २००९ची. ‘नगरपालिका’ लिहिलं असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. उलट ‘महानगरपालिका’ दिसली म्हणून गाडी नवी, असं मात्र नाही. रंग मारून नाव बदलायला दोन दिवस पुरतात!

तोंडावर मर्सिडीजचा तारा असलेली टाटा १९५४ ते १९६९मधली. खाली डिझेल टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी दिसली तर ती युरियाच्या द्रावणाची. अशी गाडी बहुतेक बीएस-६ या प्रदूषण नियमाची, म्हणजे १ एप्रिल २०२०च्या आसपासची किंवा नंतरची. १७ अंकी चॅसिस नंबर ‘एमएटी’ने सुरू झाला तर टाटा, ‘एमबी१’ने झाला तर अशोक लेलँड.

पंपाच्या पाटीवर सगळ्यात जास्त गफलत होते. जुन्या पाट्या मिनिटाला गॅलनच्या आहेत, आणि ते गॅलन ब्रिटिश, ४.५४६ लिटरचे. ४०० गॅलन म्हणजे सुमारे १,८०० लिटर. मोबाइलमध्ये आयतं रूपांतर केलंत आणि त्यानं अमेरिकन गॅलन धरला तर १,५०० येतं, आणि पुढच्या पिढीचा पंप उगाच ‘मोठा’ दिसतो. पाटीवरचा दाबही उतरवा. दाबाशिवाय लिटरचा आकडा अर्धवट आहे.

फोटो काढायला १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह बरा, तेव्हा गाड्या प्रदर्शनाला लावतात. एरवी स्टेशन ऑफिसरना विचारून जा, आणि लॉकरच्या शटरसमोर उभे राहू नका; वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तुम्ही वाटेत असता. एका गाडीचे तीन फोटो पुरेत: पूर्ण बाजू, पंपाची पाटी, चॅसिसची पाटी.

शेवटी ‘बाद’चा रकाना. १ एप्रिल २०२३पासून महापालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं. म्हणून नोंदणी संपल्याची तारीख, गाडी वर्दीवर जायची थांबली ती तारीख आणि निर्लेखनाची (दफ्तरातून गाडी काढून टाकल्याची) तारीख वेगळ्या लिहा. पहिली आरटीओच्या कागदात मिळते, दुसरी लॉगबुकात, तिसरी भांडार विभागात.