घरच्या उन्हावर गाडी: सोलर आणि कार चार्जिंगची जुळवणी अशी करा

खान्देशात उन्हाला तोटा नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचं वीज केंद्र. दुपारी ग्रीडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, सौर वीज भरपूर असते. दिवेलागणीला मात्र सूर्य गेलेला असतो आणि घराघरांत दिवे, कूलर, टीव्ही एकदम सुरू होतात. ही मागणी बरीचशी कोळशावर भागते. म्हणून कामावरून आल्या आल्या सात वाजता गाडी चार्जिंगला लावायची सवय सोडा. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने सगळी मांडणी दुपारच्या उन्हाभोवती करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. जळगाव-भुसावळ रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला चार्जिंगमधली घट धरून आठ-नऊ युनिट लागतील. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर ३.३ किलोवॉटने हे काम तीन तासांत होतं. तेव्हा रोज दोनशे किलोमीटर फिरणं नसेल, तर ७.२ किलोवॉटच्या चार्जरचा आग्रह धरू नका.

मग वीजबिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, ते बघा. घरची गाडी घरगुती मीटरवर चार्ज करता येते, त्याला वेगळं कनेक्शन लागत नाही. पण मंजूर भार दोन किलोवॉट असेल आणि गाडी, पाण्याची मोटर, कूलर एकाच वेळी चालणार असतील, तर महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करून भार आधी वाढवून घ्या. गाडीमुळे महिन्याला दोन-अडीचशे युनिट वाढतात आणि बिल वरच्या, महागड्या टप्प्यात जातं. सोलरचा खरा फायदा इथे दिसतो.

आता अर्थिंग. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती सुकली की अर्थिंगच्या पाइपपासून सुटते आणि नावाला अर्थिंग उरतं. गाडीचा चार्जर अशा वेळी लाल दिवा दाखवून थांबतो, लोक गाडीला दोष देतात. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल तपासून घ्या. शक्य असल्यास गाडीसाठी नवीन खड्डा करा आणि मार्च ते जून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर वेगळी ओढा, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, अंतर जास्त असेल तर ६ ची. सोबत स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नका. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.

सोलर किती बसवायचं? एक किलोवॉटला सरासरी रोज चार युनिट आणि साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. घर आणि गाडी मिळून तीन किलोवॉटपासून सुरुवात करता येते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी भारतीय बनावटीचेच पॅनल लागतात, कोटेशनमध्ये ते लिहून घ्या. जुनं धाब्याचं घर असेल तर छतावर सांगाडा उभारू नका, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडवर सोय बघा. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, हे लक्षात ठेवून सांगाड्याच्या मजबुतीत काटकसर नको.

दोन गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही. ग्रीडला जोडलेलं सोलर लाइट गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतं, म्हणजे भारनियमनात भर उन्हातही गाडी चार्ज होणार नाही. आणि पॅनल तापले की उत्पादन घटतं. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट येते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतात, तेव्हा बारा-पंधरा टक्के वीज कमी मिळते. पॅनलखाली वारा खेळेल इतकी मोकळी जागा सोडायला सांगा.

दुकानदार जेवायला घरी येतात, त्यांनी तेव्हाच गाडी लावावी. नोकरदारांनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट मागावा, मिळाला नाही तर रविवारी दुपारी बॅटरी भरून घ्यावी. रात्रीशिवाय इलाजच नसेल तर टायमर बारानंतरचा लावा. टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर दिवसाच्या वापरावर सवलत मिळते का, ते बिलावर तपासा. उन्हातून लांबचा प्रवास करून आल्यावर गाडी सावलीत अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. रोजच्या वापराला ८० टक्के पुरे.

पॅनल पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात, म्हणून पाणी वाळायच्या आत मऊ कापडाने पुसून घ्या.