जिताडा मासा गरवताना (गळाने धरताना) होडी कुठे नांगरायची?

रेवदंड्याची खाडी असो की दुसरी कुठली, जिताडा भर पाण्यात शोधत बसू नका. भरती उतरायला लागली की कांदळवनात शिरलेली बोय मासळी आणि कोळंबी बारक्या ओहळांतून बाहेर पडते, आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशीच मुळांच्या आडोशाला टपलेला असतो. होडी अगदी तोंडावर नेऊ नका. गळ पोचेल इतक्या अंतरावर, ओढीच्या (प्रवाहाच्या) वरच्या अंगाला नांगरा. नांगर नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून; मागून बांधलात तर ओढीत पाणी आत येतं. बादली आपटायची नाही, आवाजाने मासा बुजतो.

जिवंत कोळंबी शेपटीत टोचा आणि वाहत मुळांकडे जाऊ द्या. मासा लागल्यावर ढील दिलीत की तो मुळांत शिरलाच म्हणून समजा. गळाजवळची हातभर दोरी जाड हवी, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. दोरी कापते, बोटंही.

पावसाळ्यात मोठा मिळाला तर सोडावा, असं माझं मत. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा तो बहुधा अंड्यांवरचा. (घरचे रागावतील, रागावू देत.)

पाणी फार उतरायच्या आत निघा. होडी चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम तिथेच.