बंदुकीच्या दुकानात जाताय? या चुका टाळा

भात पोटरीला आलं, रानडुकरं शेतात उतरू लागली की कोकणात परवान्याची बंदूक कपाटातून बाहेर निघते. चाप अडकतोय, दस्ता हलतोय, काडतुसं संपलीत, म्हणून दुकानात फेरी होते. शेतात डोळ्यांत तेल घालून वागणारी माणसं दुकानात मात्र ढिली पडतात. इथली बंदूक रिकामीच असणार, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यांत धोक्याची चूक ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू आणि छरे ठासून भरायच्या बंदुकीची. दुनळी उघडून आत बघता येतं, ठासणीची उघडतच नाही. मग केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढली की झाली रिकामी, असं समजून लोक ती गाडीत टाकतात. आत गेल्या हंगामातली दारू आणि छरे तसेच असू शकतात. घरून निघण्याआधी केप काढा, नळी मोकळ्या दिशेला धरा आणि चेहरा किंवा तळहात नळीच्या तोंडासमोर न आणता बाजूने ठासायचा गज हळूच आत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. तो बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक केप बसते तिथपर्यंत न पोचता चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर बंदूक भरलेली आहे. खरवडत बसू नका, गाडीतही घालू नका. दुकानदाराला फोन करून विचारा.

बंदूक भाच्याच्या हाती पाठवून देणं ही दुसरी चूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीसाठी सवलत आहे, पण परवानाधारक सोबत हवा किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला हवा. चिठ्ठी नसेल तर भाचा विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. नळी कापून आखूड करून द्या, अशी गळही दुकानदाराला घालू नका. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

दुकानात शिरल्यावर कव्हरची चेन स्वतःहून उघडू नका. आधी सांगा, काय आणलंय आणि ते रिकामं आहे का. दुकानदार म्हणेल तिथे, तो दाखवेल त्या दिशेला नळी ठेवून उघडा. दुनळी देता-घेताना ती बिजागरीतून उघडलेलीच असावी, दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) दोघांना दिसावेत. त्याने आत्ताच तपासली असली तरी तुम्हीही बघा. यात कुणाचा अपमान होत नाही. बोट चापावर नको. खांद्याला लावून नेम बघायचा असेल तर आधी विचारा आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून रिकाम्या भिंतीकडे धरा. रिकामा चाप ओढणं आणि दुनळी खाडकन बंद करणं, दोन्ही गोष्टी चांगल्या दुकानदाराला खपत नाहीत, आणि त्याचं बरोबरच आहे.

काडतुसं घेताना नुसतं ‘बारा बोअर द्या’ म्हणून भागत नाही. जुन्या विलायती दुनळ्यांचे चेंबर बहुधा ६५ मिमीचे असतात. ७० मिमीचं काडतूस त्यात सहज बसतं, म्हणूनच फसगत होते. बार उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढे उघडतं, तिथे जागा अपुरी पडते आणि आतला दाब धोकादायक वाढतो. नळीवरचा आकडा दुकानदाराकडून वाचून घ्या. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची असोत की बाहेरची, खोक्यावरची लांबी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरात वीस बोअरची, म्हणजे बारापेक्षा अरुंद नळीची बंदूकही असेल तर दोन्ही काडतुसं एका पिशवीत आणू नका. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामा दिसतो. त्यामागे बाराचं घालून चाप ओढला तर नळी फुटते, तीही धरलेल्या हाताजवळच. शंका आली तर बंदूक उघडा आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा. उजेड दिसेपर्यंत पुढचं काडतूस खिशातच ठेवा.