आठवी-नववीच्या अभ्यासात या चुका टाळा

सहामाहीचे पेपर घरी आले की नाशकात पालकांची धावपळ सुरू होते. गणितात कमी पडले? लावा गणिताचा क्लास. भूगोलात कमी पडले? ‘जरा पाठ कर’ म्हणून पोराला दटावायचं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला क्लासेसची वाण नाही, त्यामुळे पहिला उपाय तर आठवड्याभरात होऊनही जातो. पण आठवी-नववीचे पेपर तपासताना एक गोष्ट मला सारखी दिसते. गुण ज्या विषयात जातात, चूक बऱ्याचदा त्या विषयातली नसतेच. भूगोलातले गुण गणितापायी जातात, विज्ञानातले भाषेपायी आणि इतिहासातले प्रश्न अर्धवट वाचल्यापायी.

म्हणून क्लासची फी भरण्याआधी सगळ्या विषयांचे पेपर एकदम घेऊन बसा. जिथे जिथे गुण गेला तिथे शेजारी पेन्सिलीने कारण लिहा: येत नव्हतं, प्रश्न चुकीचा वाचला, चिन्ह किंवा एकक चुकलं, वेळ पुरला नाही. मग बेरीज विषयवार न करता कारणवार करा. ‘येत नव्हतं’चा आकडा मोठा निघाला तर क्लास जरूर लावा. चिन्ह-एककांचा मोठा निघाला तर तो रोग चार विषयांत पसरलेला आहे, आणि एका विषयाच्या क्लासने तो जाणार नाही.

घड्याळातले बारा आणि नाशिकचे बारा

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा आहे. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते. नाशिक ढोबळमानाने ७४ अंश पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, हे पोरांना तोंडपाठ असतं. तरी घड्याळात दुपारचे १२ वाजले असताना नाशिकची स्थानिक वेळ काय, असं विचारलं की उत्तरं दोन ठिकाणी घसरतात.

पहिली घसरण फरक काढताना. ८२ अंश ३० मिनिटांतून ७४ गेले, राहिले ८ अंश ३० मिनिटे. हे मुलं वहीत ८.३० असं लिहितात आणि त्याला ४ ने गुणून ३३.२ मिनिटं काढतात. अंशाचे भाग साठ असतात, शंभर नव्हे. ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, म्हणून ८.५ गुणिले ४, बरोबर ३४ मिनिटं. हीच चूक विज्ञानात गतीच्या उदाहरणात भेटते. ९० किलोमीटर अंतर १ तास ३० मिनिटांत कापलं तर चाल किती? मुलगा ९० ला १.३ ने भागतो आणि ६९ च्या आसपास काहीतरी आणतो. दीडने भागलं असतं तर सरळ ६० आले असते. दोन विषय, दोन शिक्षक, दोन लाल शेरे, आणि चूक एकच.

दुसरी घसरण अधिक-उण्याची. नाशिक प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेला, म्हणजे आपली स्थानिक वेळ मागे. उत्तर ११ वाजून २६ मिनिटे. मुलं १२ वाजून ३४ लिहितात. गंमत अशी, की १२:३४ हे वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे: नाशकात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण किती वाजलेले असतात? म्हणजे गणित आलं, प्रश्न कुठल्या बाजूने विचारलाय ते कळलं नाही. उपाय साधा आहे. आधी एक आडवी रेघ मारायची, डावीकडे नाशिक, उजवीकडे ८२ अंश ३० मिनिटे, आणि रेघेखाली ‘सूर्य आधी उजवीकडे उगवतो’ असं लिहायचं. सूत्र त्यानंतर.

नकाशाप्रमाणाचंही तसंच. १:१०,००० आणि १:५०,००० यांतलं मोठं प्रमाण कोणतं? बहुतेक हात ५०,००० च्या बाजूने वर होतात. हा अपूर्णांक आहे, छेद मोठा तर किंमत लहान, हे पाचवीतलं गणित भूगोलाच्या तासाला आठवत नाही. नाशिक शहरातल्या गल्ल्या दिसतात तो नकाशा मोठ्या प्रमाणाचा. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा कागदाने कितीही मोठा असो, लहान प्रमाणाचाच.

कंसाबाहेरचं उणे

७ − (क्ष − ४) सोडवताना निम्मी मुलं ३ − क्ष लिहितात. कंसाबाहेरचं उणे त्यांनी पहिल्या पदाला दिलं आणि तिथेच सोडलं. बरोबर उत्तर ११ − क्ष. (क्ष + ५) चा वर्ग ‘क्षचा वर्ग अधिक २५’ लिहिणं हीसुद्धा जुनी खोड. मधलं १०क्ष गायब. सूत्र शंभरदा लिहून घेण्याची शिक्षा मी पाहिली आहे आणि तिचा उपयोग होताना पाहिलेला नाही. त्यापेक्षा मुलाला आपलीच चूक पकडायला शिकवा. उत्तर आलं की क्षच्या जागी १ घालून दोन्ही बाजू तपासायच्या. (१ + ५) चा वर्ग ३६, आणि त्याच्या उत्तरात १ + २५, म्हणजे २६. जुळत नाही, म्हणजे कुठेतरी पद खाल्लं. या तपासणीला अर्धं मिनिटही लागत नाही.

सूट व कमिशनच्या धड्यातही असंच. मेन रोडवर दुकानात पाटी लागते, ‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’. ही ३० टक्के सूट नाही. १,००० चे झाले ८००, आणि पुढचे १० टक्के ८०० चे, म्हणून द्यायचे ७२०. एकूण सूट २८ टक्के. शेकडा कशाचा, हे दर वेळी विचारायची सवय इथे लागली की चक्रवाढव्याज सोपं जातं.

भूमितीत मात्र अडचण वेगळी आहे. मुलं आकृतीवर नको तेवढा विश्वास ठेवतात. कुठलाही त्रिकोण काढा म्हटलं की समद्विभुज काढतात आणि मग ‘दिसतात तशा’ दोन बाजू समान धरून सिद्धता लिहितात. त्रिकोण मुद्दाम वाकडातिकडा काढा. एकरूपतेच्या कसोट्यांत बाकोबा (बाजू-कोन-बाजू) म्हणजे कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा. ‘बाबाको’ अशी कसोटी नाही. काटकोन त्रिकोणासाठी कर्ण-भुजा कसोटी आहे, ती वेगळी. पक्ष (जे दिलंय) आणि साध्य (जे सिद्ध करायचंय) न लिहिता थेट सिद्धतेत उडी घेऊ नका. पक्षात नसलेली गोष्ट सिद्धतेत शिरली, की गुण तिथेच जातात. दहावीला बीजगणित आणि भूमिती यांचे ४०-४० गुणांचे वेगळे पेपर असतात, त्यामुळे ‘भूमिती ऑप्शनला टाकू’ हा बेत नववीतच सोडलेला बरा.

एककाविना उत्तर म्हणजे अर्धं उत्तर

ताशी ७२ किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने, यात गोंधळ ठरलेला. उलटं गुणलं तर सिन्नरला निघालेली एसटी सेकंदाला २५९ मीटर धावते, म्हणजे विमानाशी शर्यत. उत्तर शक्यतेतलं आहे का, एवढं बघितलं तरी चूक सापडते. खरं उत्तर २० मीटर.

वस्तुमान आणि वजन यांची गल्लत बाजारातल्या बोलण्यातून येते. लासलगावला कांद्याची गोणी ‘५० किलो वजनाची’ म्हणतात आणि तिथे ते ठीकच आहे. विज्ञानाच्या पेपरात मात्र ५० किलोग्रॅम हे वस्तुमान. वजन हे बल आहे, ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. अंतर आणि विस्थापनाचंही एकदा घरच्या उदाहरणाने पक्कं करा. नाशिकहून त्र्यंबकला जाऊन परत घरी आलात, तर अंतर भरपूर, विस्थापन शून्य.

सेमीच्या मुलांचं दुखणं

याकडे शाळांचंही फारसं लक्ष नसतं. सेमी इंग्रजीच्या मुलांना गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि भूगोल मराठीतून. विज्ञानात तो मुलगा ‘कंडेन्सेशन’ उत्तम समजावून सांगतो. भूगोलात ‘सांद्रीभवन’ आलं की त्याला ती नवीन वस्तू वाटते आणि तो ती पाठ करायला बसतो.

याचा फटका नेमका आपल्या दाराशी असलेल्या प्रश्नात बसतो. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. का? ‘तिकडे झाडं जास्त आहेत’ हे उत्तर मी अजूनही वाचतो. ‘सह्याद्रीमुळे’ हे अर्धं उत्तर, आणि त्याला अर्धेच गुण. पूर्ण उत्तरात पायऱ्या लागतात: नैऋत्येकडून बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्रीला अडतात, हवा वर चढते, वर जाताना थंड होते, थंड हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी होते, सांद्रीभवन होतं, घाटमाथ्यावर प्रतिरोध पाऊस कोसळतो. पलीकडे उतरताना हवा पुन्हा तापते, बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पूर्वेचा भाग पर्जन्यछायेत जातो. यातल्या निम्म्या पायऱ्या विज्ञानाच्या आहेत.

उपाय म्हणून विज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी: डेन्सिटी – घनता, रिफ्लेक्शन – परावर्तन, व्हेलॉसिटी – वेग. हे पान मुलानेच भरायचं, छापील यादी चिकटवायची नाही.

‘कारणे लिहा’ला गोष्ट सांगू नका

आठवीच्या इतिहासात आधुनिक भारत आहे आणि त्यात नाशिक ठळकपणे येतं. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. प्रश्न ‘का’ असतो, आणि मुलं नाटकगृहातला सगळा प्रसंग रंगवून लिहितात. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली होती, हा दुवा उत्तरात सापडतच नाही. प्रश्नात ‘का’ आहे की ‘कसं’ आहे, हे लिहायच्या आधी अधोरेखित करा.

दुसरी चूक क्रमाची. काळाराम मंदिर सत्याग्रह आणि मिठाचा सत्याग्रह दोन्ही १९३० चे, म्हणून पहिला दुसऱ्यातून निघाला असं ठोकून दिलं जातं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्चला सुरू झाला. गांधीजी साबरमतीहून निघाले १२ मार्चला आणि दांडीला मीठ उचललं ६ एप्रिलला. मागण्याही निराळ्या होत्या. सनावळ्या सुट्या पाठ करण्याऐवजी कागदाची एक लांब पट्टी भिंतीवर लावा आणि प्रत्येक धड्यातल्या घटना तिच्यावर चढवत जा. नववीलाही तीच पट्टी पुढे चालू ठेवता येते: १९६९ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७१ बांगलादेश, १९७५ आणीबाणी, १९९१ नवं आर्थिक धोरण.

भाषा, आणि ‘ते तर श्रेणीचे’ विषय

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे गुण सामान्यरूपात जातात: दूध पण दुधात, फूल पण फुलाला. परीक्षा, शरीर असे तत्सम शब्द मात्र दीर्घच राहतात, परीक्षेत, शरीरात. हिंदीत मराठीचं लिंग घुसतं आणि ‘मेरा पुस्तक’ होतं. तिथे पुस्तक स्त्रीलिंगी आहे. इंग्रजी निबंध मनात मराठीत रचून उतरवू नका. वाक्यं छोटी ठेवली की निम्म्या चुका आपोआप टळतात. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवण्याबद्दल काय बोलायचं, तपासणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं.

नववीला जलसुरक्षा हा विषय आला की घरात पहिलं वाक्य येतं, ‘त्याला काय, श्रेणीच तर आहे.’ उपक्रम मग शेवटच्या आठवड्यात ताई किंवा आई पूर्ण करते. वास्तविक इतका फुकटचा सराव दुसऱ्या विषयात मिळत नाही. वर्तमानपत्रात गंगापूर धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत येतो. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. आजचा आकडा घ्या, त्याचे लिटर करा, घरात रोज लागणारं पाणी बादल्या मोजून काढा आणि त्या साठ्यात अशी किती घरं एक दिवस भागतील ते मांडा. गच्चीवरच्या टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजून तिचं घनफळही काढा. १ घनमीटरचे १,००० लिटर होतात. हा हिशेब जलसुरक्षेच्या वहीत चालतो, आणि नववीच्या पृष्ठफळ-घनफळाच्या धड्याची तयारीही त्यातच होते.