फेडरल जजच्या चेंबर्समधले चार महिने, आणि त्या खुर्चीकडे जाणारा रस्ता

आमच्या घरात कोर्ट म्हणजे मामा. मामा तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक होता, त्यामुळे न्यायाधीश कसं व्हायचं हे मला शाळेपासून पाठ, एलएलबी करा, जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षा द्या, मुलाखत, मग जिथे टाकतील तिथे जा. (मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला तीन वर्षं वकिलीची अट परत लावलीये, ते वेगळं.) पुण्यात लॉ करून मी अमेरिकेत जेडीला (तिथली वकिलीची पदवी) आले आणि कॉलेजच्या करिअर ऑफिसात अगदी भाबडेपणाने विचारलं, की फेडरल जजची (म्हणजे राज्याच्या नाही, केंद्राच्या कोर्टातल्या) एक्झाम कधी असते हो? समोरच्या बाई आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, बस, जरा वेळ लागेल सांगायला.

तर एक्झाम नाहीच. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सिनेट मंजूर करते, आणि शपथ झाली की नेमणूक तहहयात. राज्यघटनेत ना वयाची अट, ना अनुभवाची, वकिलीच्या डिग्रीचीसुद्धा नाही. खूश होऊ नका. प्रत्यक्षात जी माणसं तिथे पोचतात त्यांची पंधरा-वीस वर्षं कोर्टात गेलेली असतात, कोणी सरकारी वकील, कोणी पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपींचे सरकारी पगारावरचे वकील), कोणी मोठ्या फर्ममध्ये पार्टनर, कोणी आधीच राज्याच्या कोर्टात जज. देशात फेडरल कोर्टांचे ९४ डिस्ट्रिक्ट (म्हणजे विभाग) आणि तिथे खटले चालवणाऱ्या डिस्ट्रिक्ट जजच्या मंजूर जागा ६७७, त्यात कोणी रिटायर झालं, वरच्या कोर्टात गेलं किंवा वारलं तरच जागा रिकामी, आणि ती तुमच्या राज्यात रिकामी व्हायला हवी, तेव्हा तुमच्या राज्याचे सिनेटर राजी हवेत (‘ब्लू स्लिप’ म्हणतात, ती चिठ्ठी आली नाही तर सहसा गाडी तिथेच अडते). म्हणजे हुशारी हवीच, पण नशीब, राजकारण आणि ओळखीपाळखी पण जुळायला लागतात. सिनेटची प्रश्नावली एकदा नेटवर उघडून बघा, आजवर लिहिलेला प्रत्येक लेख, दिलेलं प्रत्येक भाषण आणि लढवलेल्या सगळ्यात महत्त्वाच्या दहा केसेस, सगळं मागतात. रात्री दोन वाजता तावातावाने पोस्टी टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मी तेव्हा स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे फेडरल कोर्टातली पगारी नोकरी माझ्यासाठी जवळपास बंदच होती, पण क्रेडिटसाठी बिनपगारी एक्स्टर्नशिप करता येते ती मिळाली. चार महिने एका डिस्ट्रिक्ट जजच्या चेंबर्समध्ये बसले आणि पहिल्याच आठवड्यात डोक्यातलं चित्र पुसलं गेलं. मला वाटलेलं रोज ज्युरी, रोज उलटतपासणी. अहो कुठलं काय! फेडरल क्रिमिनल केसेसमध्ये शंभरातले जेमतेम दोन आरोपी ट्रायलपर्यंत जातात, सिव्हिलमध्ये प्रमाण त्याहून कमी. नाव ‘ट्रायल जज’ आणि दिवस जातो वाचण्यात आणि लिहिण्यात. केस फेटाळा म्हणून अर्ज, ट्रायलशिवाय निकाल द्या म्हणून अर्ज, तज्ज्ञ साक्षीदाराला बोलू देऊ नका म्हणून अर्ज, कैद्यांनी हाताने लिहून पाठवलेल्या याचिका. सोमवारी पेटंट, मंगळवारी अपंगत्वाची पेन्शन, बुधवारी ड्रग्ज. कुठली केस कोणाकडे हे कॉम्प्युटर ठरवतो, आवडनिवड नाही. आणि सहा महिन्यांपेक्षा जुने अर्ज कोणाकडे किती पडलेत याची ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरपर्यंतची यादी जजच्या नावानिशी जाहीर होते, म्हणून सप्टेंबरमध्ये आमच्याकडे बँकेत मार्चएंडला असतं तसं वातावरण, कोणी जेवायला बाहेर जात नव्हतं.

माझा पहिला मेमो (अर्जावर काय निकाल द्यावा याचं जजसाठीचं टिपण) बावीस पानांचा. फार अभिमान होता मला त्याचा. त्यात ज्या निकालावर मी सगळा डोलारा उभा केला होता तो वरच्या कोर्टाने केव्हाच फिरवलेला, स्क्रीनवर लाल झेंडा दिसत होता आणि मी बघितलाच नाही. लॉ क्लार्कने (कारकून नव्हे, जजला संशोधनात आणि निकाल लिहिण्यात मदत करणारा वकील) पकडलं, आवाज न चढवता एवढंच विचारलं की हे जजसाहेबांच्या सहीने बाहेर गेलं असतं तर? त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी साधं नाव टाकलं तरी दोनदा तपासते.

आता जे बघून मी खरी हलले ते सांगते. गुन्हा कबूल करण्याची सुनावणी होती, विशीतला मुलगा, पायात बेड्या, कानाला दुभाष्याचा हेडफोन. जजना ठरलेले प्रश्न विचारावेच लागतात, कोणी धमकावलं का, काही वचन दिलं का, त्यातच एक, गेल्या चोवीस तासांत काही औषध घेतलंय का. तो म्हणाला दाढ दुखत होती, गोळी घेतली. मला वाटलं झालं, पुढे जातील. जज थांबले. कुठली गोळी, किती वाजता, झोप येतेय का, मी आत्ता काय म्हणालो ते तुझ्या शब्दांत सांग. एका दाढदुखीवर दहा मिनिटं गेली, आणि वकील घड्याळाकडे बघतोय. नंतर आत आल्यावर म्हणाले, पुढची आठ-दहा वर्षं जाणार आहेत त्याची, मग माझी दहा मिनिटं गेली तर काय बिघडलं. शिक्षा सुनवायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही हेही त्यांच्याच तोंडून ऐकलं. किती शिक्षा द्यावी याच्या गाइडलाइन्सचे आकडे समोर असतात, पण २००५ पासून ते फक्त सल्ल्यापुरते, शेवटी आकडा जजनेच बोलायचा.

पैशाचं विचाराल तर २०२५ ला डिस्ट्रिक्ट जजचा पगार वर्षाला २,४७,४०० डॉलर. ऐकायला मोठा आहे, पण न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये नुकताच कॉलेजातून आलेला पोरगा २,२५,००० वर सुरू करतो. मिळतं ते दुसरं, पासष्टी आणि पंधरा वर्षं नोकरी झाली की पूर्ण पगारावर निवृत्ती, किंवा ‘सीनियर’ होऊन कमी केसेस घेत राहायचं. कॅन्सासमध्ये वेस्ली ब्राउन नावाचे जज होते, केनेडींनी १९६२ ला नेमलेले, ते २०१२ ला वयाच्या १०४ व्या वर्षी गेले तेव्हासुद्धा पदावरच होते.

नवीन मुलामुलींना माझं म्हणणं, त्या खुर्चीचा प्लॅन करू नका, क्लार्कशिपचा करा. सिटिझन असाल तर पहिल्या वर्षाचे मार्क आणि दोन प्राध्यापकांची मनापासूनची शिफारस यावर जोर द्या. आणि मॅजिस्ट्रेट जज ही पोस्ट लक्षात ठेवा, आपल्याकडच्या मॅजिस्ट्रेटशी गल्लत करू नका, ही फेडरल कोर्टातलीच, आठ वर्षांची मुदत, डिस्ट्रिक्ट जजच नेमतात, रीतसर जाहिरात निघते आणि अर्ज करता येतो, सिनेट वगैरे भानगड नाही. त्यातले काही पुढे डिस्ट्रिक्ट जज होतात.

त्याआधी एक दिवस जवळच्या फेडरल कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोणालाही जाता येतं, पास लागत नाही, कोर्टाच्या साइटवर दिवसाचं कॅलेंडर असतं त्यात सेंटेन्सिंग (शिक्षा सुनावण्याची तारीख) शोधा. फोनचे नियम आधी बघा, काही ठिकाणी दारातच अडवतात, मला एकदा भर थंडीत परत पार्किंगपर्यंत जावं लागलं होतं आणि येईपर्यंत सुनावणी संपलेली.